भाव, दर आणि न्याय : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात पेट्रोलच्या किमतीचा ऐतिहासिक विचार

पेट्रोल महागले की ही वाढ वाहनचालकास न्याय्य आहे काय, असा प्रश्न विचारण्याचा प्रघात आहे. हा प्रश्न वरवर पाहता अर्थशास्त्राचा वाटतो, आणि त्याचे उत्तरही बहुधा त्याच अंगाने दिले जाते. कच्च्या तेलाचा जागतिक बाजारातील भाव, रुपयाचा विनिमयदर, शुद्धीकरणाचा व वाहतुकीचा खर्च यांची बेरीज मांडली म्हणजे विषय संपला, असे मानण्यात येते. परंतु न्याय ही कल्पना बेरजेत मावणारी नाही. न्यायाची भाषा आली की दोन पक्ष आले, आणि त्या दोन पक्षांत पूर्वी काही ठरले होते किंवा कसे, हे पाहणे आले. पेट्रोलच्या बाबतीत असे काही निश्चितपणे ठरले होते. ते केव्हा ठरले, कोणी ठरविले, आणि पुढे त्याचे काय झाले, हा इतिहासाचा विषय आहे. आणि तो ध्यानी घेतल्याखेरीज आजच्या तक्रारीचे स्वरूप नीट उमगत नाही.

मराठीत ‘भाव’ आणि ‘दर’ हे शब्द पुष्कळदा एकमेकांऐवजी वापरले जातात. तथापि त्यांच्या अर्थच्छटांत भेद आहे. भाव ठरतो, दर ठरविला जातो. सांगलीच्या पेठेत हळदीचे सौदे निघतात तेव्हा घेणारा आणि देणारा ह्या दोघांच्या ओढाताणीतून भाव निघतो, म्हणूनच तो ‘फुटतो’, ‘चढतो’, ‘पडतो’. एस. टी.च्या तिकिटाचा मात्र दर असतो. तेथे घासाघीस संभवत नाही. पेट्रोलच्या पंपावरील फलकावर जो आकडा दिसतो त्याला लोक भाव म्हणतात, पण तो व्याकरणाने नव्हे तरी व्यवहाराने दर आहे. ह्या दराच्या पोटात बाजाराचा वाटा किती आणि राज्यसंस्थेचा किती, हे फलक सांगत नाही.

ह्या विचारासाठी सातारा-सांगलीचा परिसर निवडण्यास कारण आहे. आजचे हे दोन जिल्हे पूर्वी बव्हंशी एकाच सातारा जिल्ह्यात आणि त्यात विखुरलेल्या औंध, फलटण, जत, सांगली, मिरज इत्यादी संस्थानांत मोडत. १ ऑगस्ट १९४९ रोजी दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि २१ नोव्हेंबर १९६० रोजी त्याला सांगली हे नाव मिळाले. लोहमार्ग ह्या मुलखातून गेला तो वाठार, कोरेगाव, कऱ्हाड असा मिरजेकडे. खुद्द सातारा शहर त्याच्या एका अंगाला राहिले. शहरापासून कित्येक मैल दूर असलेल्या एका स्थानकास ‘सातारा रोड’ असे नाव द्यावे लागले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. महाबळेश्वरास जाणारा उतारू वाठारला उतरून टांग्याने पुढे जाई. जावळी आणि पाटणच्या खोऱ्यांना रेल्वेचा स्पर्शही झाला नाही. म्हणजे ज्या काळी मुंबईत मोटार ही हौसेची वस्तू होती, त्या काळीही ह्या डोंगराळ प्रदेशात ती गरजेची वस्तू होण्याच्या वाटेवर होती. पेट्रोलवरील करनीतीत जे गृहीत पुढे धरण्यात आले, ते ह्या भूगोलाला प्रारंभापासूनच लागू पडणारे नव्हते.

ते गृहीत कोणते, हे पाहण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ साली, पेट्रोलवर कर बसविणारा पहिला अखिल भारतीय कायदा झाला. कायद्याच्या भाषेत पेट्रोलला ‘मोटर स्पिरिट’ असे नाव होते. लोकांनी ते कधीच स्वीकारले नाही. ‘रॉक ऑईल’चे ‘रॉकेल’ आणि ‘गॅस लाइट’चे ‘घासलेट’ करणाऱ्या मराठी जिभेने ‘पेट्रोल’ मात्र जसेच्या तसे ठेवले, आणि ‘मोटर स्पिरिट’ सरकारी कागदांतच राहिले. ह्या १९१७ च्या करामागील हेतू युद्धाचा होता. रस्त्यांशी त्याचा संबंध नव्हता.

तो संबंध जोडला मुकुंद रामराव जयकर यांनी. १९२७ च्या नोव्हेंबरात नेमलेल्या रस्ते विकास समितीचे ते अध्यक्ष होते. महायुद्धानंतर मोटारी वाढल्या होत्या. बैलगाडीच्या चाकासाठी बांधलेले रस्ते मोटारीच्या वेगाने उखडत होते. आणि त्यांची दुरुस्ती लोकल बोर्डांच्या कुवतीबाहेरची झाली होती. समितीने १९२८ साली असा निष्कर्ष काढला की, रस्त्यांचा विकास हे काम प्रांतिक सरकारांच्या आणि स्थानिक संस्थांच्या ऐपतीपलीकडे गेले असून ते राष्ट्रीय हिताचे कार्य झाले आहे. ह्यासाठी पैसा कोठून आणावयाचा? समितीचे उत्तर साधे होते : जो रस्ता झिजवितो आणि ज्याला चांगल्या रस्त्याचा लाभ होतो त्याच्याकडून, आणि त्याच्या वापराच्या प्रमाणात. पेट्रोल जितके जाळले जाईल तितका रस्ता वापरला जाईल, म्हणून पेट्रोल हेच वापराचे माप. त्यानुसार मार्च १९२९ पासून पेट्रोलवरील कर गॅलनमागे चार आण्यांवरून सहा आणे करण्यात आला आणि वाढीव दोन आणे स्वतंत्र रस्ते निधीत जमा होऊ लागले. ह्या निधीची वर्षाअखेर उरलेली रक्कम सर्वसाधारण तिजोरीत परत जाणार नाही, अशीही योजना होती.

ह्या व्यवहाराला करार म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही. वाहनचालकाने सहा आणे द्यावयाचे. त्यांपैकी दोन आणे, म्हणजे एक तृतीयांश, त्याच्याच चाकाखालच्या रस्त्यावर खर्च व्हावयाचे. उरलेले चार आणे सरकारचे. पेट्रोलच्या दरात न्याय कशाला म्हणावे ह्याची भारतातील पहिली स्पष्ट व्याख्या ही होय. अर्थात तीत एक उणीवही होती. निधीची वाटणी मुख्यतः ज्या त्या प्रांतातील पेट्रोलच्या खपाच्या प्रमाणात होत असे. जेथे मोटारी अधिक तेथे पैसा अधिक, असा हा न्याय असल्याने आधीच रस्ते नसलेल्या आणि म्हणूनच मोटारी नसलेल्या मुलखाच्या वाट्याला ह्या तत्त्वातून फारसे काही येणे कठीण होते.

दहा वर्षांच्या आत ह्या कराराला दुसरा एक भागीदार येऊन मिळाला. १९३५ च्या कायद्याने प्रांतांना स्वायत्तता मिळाली आणि नव्या मंत्रिमंडळांना पैसा हवा होता. मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारने १९३८ साली पेट्रोल व वंगणे यांच्या किरकोळ विक्रीवर किमतीच्या पाच टक्के कर बसविला. मध्यवर्ती सरकारने हरकत घेतली : पेट्रोलवरील उत्पादनशुल्क हा आपला अधिकार असून विक्रीवरील कर हे त्या शुल्काचेच दुसरे रूप आहे, असे त्याचे म्हणणे होते. वाद नव्याने स्थापन झालेल्या फेडरल कोर्टापुढे अभिप्रायार्थ आला. सर मॉरिस ग्वायर, सर शाह सुलेमान आणि जयकर असे तीन न्यायाधीश होते. ज्या गृहस्थांनी दहा वर्षांपूर्वी पेट्रोलवर मध्यवर्ती कर वाढविण्याची शिफारस केली, त्यांच्यावरच प्रांतांनाही तोच थेंब करपात्र आहे काय हे ठरविण्याची पाळी आली, हा योगायोग इतिहासकारांनी फारसा नोंदविलेला नाही. वस्तू निर्माण होताना बसतो तो उत्पादनशुल्काचा कर, आणि ती विकली जाताना बसतो तो विक्रीचा कर. पहिला मध्यवर्ती सरकारचा, दुसरा प्रांताचा. असा भेद करून न्यायालयाने प्रांताचा कायदा वैध ठरविला.

घटनाशास्त्राच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच म्हटला पाहिजे. प्रांतांना त्यावाचून स्वतःचे उत्पन्न राहिले नसते. पण वाहनचालकाच्या दृष्टीने त्याचा परिणाम दूरगामी झाला. एकाच लिटरवर दोन स्वतंत्र हात पडू लागले आणि त्यांपैकी कोणताही दुसऱ्याला उत्तरदायी नव्हता. शिवाय दोन्ही करांची जात भिन्न होती. जयकर समितीचे दोन आणे मापावर होते. पेट्रोल कितीही महागले तरी ते दोनच राहत. नागपूरच्या कायद्यातील पाच टक्के किमतीवर होते. पेट्रोल महागले की सरकारने काहीही न करता करही वाढे. म्हणजे भाववाढीत सरकारचे हित गुंतले. पुढच्या काळातील पुष्कळशा कटुतेचे मूळ ह्या तांत्रिक भेदात आहे.

दुसऱ्या महायुद्धाने हा प्रश्न काही वर्षे बाजूस सारला. १९४१ पासून पेट्रोलचे नियंत्रित वाटप सुरू झाले. किती किंमत द्यावयाची ह्यापेक्षा किती मिळणार हा प्रश्न मोठा झाला. कूपनावर ठरलेले गॅलन मिळत. खाजगी सर्व्हिस मोटारींना कोळशाचा वायू निर्माण करणारी अवजड भट्टी जोडून गाड्या चालवाव्या लागत. न्यायाची ही अगदी निराळी कल्पना होती. दराने नव्हे, शिध्याने न्याय. ती शांततेच्या काळात टिकणे शक्य नव्हते आणि टिकलीही नाही.

स्वातंत्र्यानंतर ह्या भागातील प्रवासाचे चित्र पालटले. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर मुंबई राज्याची पहिली एस. टी. धावली आणि पुढे खाजगी सर्व्हिस मोटारींची जागा हळूहळू एस. टी.ने घेतली. ती डिझेलवर चालणारी होती, आणि डिझेलवरील कर मुद्दामच हलका ठेवण्यात येई. सर्वसामान्याने एस. टी.ने जावे, पेट्रोल जाळणारी मोटार धनिकाने वापरावी आणि तिच्यावर भरपूर कर द्यावा, ही विभागणी ह्याच काळात पक्की झाली. १९५८ साली मुंबई राज्याच्या विधिमंडळाने लागोपाठच्या क्रमांकांचे तीन कायदे केले : एक मोटार वाहनांवरील कराचा, दुसरा पेट्रोलच्या विक्रीवरील कराचा, तिसरा उतारूंवरील कराचा. वाहन, इंधन आणि प्रवासी ही तिन्ही अंगे अशी करकक्षेत आली. त्या वेळचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण हे देवराष्ट्र्याचे आणि कऱ्हाडचे, म्हणजे ह्याच परिसरातले. रस्ता आणि गाडी यांवाचून खेड्याचे काय अडते हे त्यांना सांगण्याची आवश्यकता नव्हती. राज्याला पैसा लागतो हेही नव्हते.

कराखेरीज मूळ किमतीचा प्रश्न होताच. स्वातंत्र्यानंतरही पेट्रोलचा धंदा बर्मा-शेल, स्टॅन्व्हॅक व कॅल्टेक्स ह्या परदेशी कंपन्यांच्या हाती होता आणि ट्रॉम्बेस शुद्धीकरण होऊ लागल्यावरही किंमत मात्र इराणच्या आखातातून ते आयात केले असते तर काय पडली असती, ह्या हिशेबाने लावली जाई. ह्या पद्धतीची कसून चौकशी करणाऱ्या पहिल्या समितीचे अध्यक्ष के. आर. दामले होते, त्यांचा अहवाल १९६१ चा. कंपन्या आखाती बंदरांतील जाहीर किमतींचा आधार घेतात, पण प्रत्यक्षात सवलतीने खरेदी करतात, हे वर्म धरून समितीने ती सवलत किंमतीतून वजा करण्यास सांगितले. मराठी वाचकाला जयकर जितके परिचित आहेत तितके दामले नाहीत. वास्तविक किमतीच्या न्यायाचा विचार दामल्यांनी केला आणि कराच्या न्यायाचा जयकरांनी, असे म्हटले तर चालेल. पुढे १९७४ ते १९७६ ह्या काळात कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि किमती ठरविण्याचे काम पूर्णतः सरकारकडे आले.

१९७३ च्या तेलसंकटाने धनिकाचे इंधन ही कल्पना आणखी दृढ केली. त्या नोव्हेंबरात पेट्रोलचा दर एकदम चढविण्यात आला, आणि त्याच्या निषेधार्थ अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले. हा प्रसंग वारंवार सांगितला जातो. पण त्यातून दिसणारी गोष्ट निराळीच आहे. निषेधाचे प्रतीक म्हणून बैलगाडी चालली, कारण बैलगाडीवाल्याचा पेट्रोलशी संबंध नाही हे सर्वांना मान्य होते. आज माण किंवा खटाव तालुक्यात ते प्रतीक अर्थशून्य ठरेल. ज्याच्या दारात बैल आहेत त्याच्याच दारात मोटारसायकलही उभी असते. किंबहुना बैल गेले आहेत आणि मोटारसायकल राहिली आहे.

ह्या एका बदलाचा जितका विचार व्हावयास हवा होता तितका झालेला नाही. पेट्रोलियम नियोजन व विश्लेषण कक्षाने देशभर करविलेल्या आणि २०१४ च्या प्रारंभी प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार किरकोळ विकल्या जाणाऱ्या पेट्रोलपैकी सुमारे ६१ टक्के दुचाकी वाहनांत जाते. मोटारगाड्यांत जाते सुमारे ३४ टक्के. जयकरांच्या वेळचा वाहनचालक मोटारमालक होता. १९७३ च्या धोरणातला वाहनचालकही तोच होता. आजचा वाहनचालक पहाटे दुधाच्या किटल्या लावून संघाच्या संकलन केंद्रावर जाणारा, आटपाडीहून विट्याला किंवा पाटणहून कऱ्हाडला रोजच्या कामासाठी जाणारा मनुष्य आहे. चालक बदलला, कराची आकृती मात्र जुन्या चालकाच्या मापानेच बेतलेली राहिली. ज्याच्या ऐपतीचा दाखला देऊन कर बसविला तो अल्पसंख्य झाला, आणि कर मात्र बहुसंख्यांकडे वारशाने आला. अन्याय झाला असे म्हणावयाचे असेल तर तो येथे झाला आहे.

ह्यावर असा युक्तिवाद केला जातो की, २०१० च्या जूनमध्ये पेट्रोल आणि २०१४ च्या ऑक्टोबरात डिझेल नियंत्रणमुक्त झाले. १६ जून २०१७ पासून दर रोज बदलू लागला. तेव्हा आता तो बाजाराचा भाव आहे, सरकारचा दर नव्हे. ह्यात तथ्य आहे, पण अर्धेच. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ ह्या काळात कच्चे तेल कोसळत असता केंद्राने पेट्रोलवरील उत्पादनशुल्क नऊ वेळा वाढविले. लिटरमागे ही वाढ ११ रुपये ७७ पैसे होती. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतील कच्च्या तेलाचा वायदेभाव शून्याखाली गेला आणि मे महिन्यात येथे पेट्रोलवर एकदम १० रुपये शुल्क चढले. एकूण केंद्रीय शुल्क ३२ रुपये ९८ पैशांवर पोचले. स्वस्ताई आली ती तिजोरीत गेली. उलट, रोज बदलणारा दर ४ नोव्हेंबर २०२१ नंतर पाच राज्यांच्या निवडणुका होईपर्यंत एका जागी थिजला आणि २२ मार्च २०२२ पासून पंधरवड्यात १० रुपयांनी वर गेला. भाव असता तर तो असा वागला नसता. तथापि न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे की, त्यानंतर जगात तेल कडाडले असताना तेल कंपन्यांनी जवळजवळ दोन वर्षे मूळ दर वाढविला नाही, आणि केंद्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये ५ व मे २०२२ मध्ये ८ रुपये शुल्क उतरविले. चालकाच्या तक्रारवहीत ही जमेची बाजू सहसा नोंदली जात नाही.

जयकरांच्या दोन आण्यांचे पुढे काय झाले, हे येथे पाहणे उचित होईल. १९९८ साली पेट्रोलवर लिटरमागे एक रुपया रस्त्यांसाठी वेगळा काढण्यास सुरुवात झाली आणि २००० सालच्या कायद्याने केंद्रीय रस्ते निधीला नवे रूप मिळाले. २०१८ मध्ये त्याचे नाव ‘केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधी’ असे झाले. नावातील हा ‘व’ फार अर्थपूर्ण आहे. रस्त्याच्या नावाने घेतलेला पैसा अन्य बांधकामांवर खर्च करण्यास त्याने वाट दिली. मे २०२२ नंतरच्या १९ रुपये ९० पैसे शुल्कात मूळ उत्पादनशुल्क १ रुपया ४० पैसे, विशेष अतिरिक्त शुल्क ११ रुपये, कृषी उपकर अडीच रुपये आणि रस्ते उपकर ५ रुपये अशी फोड होती. १९२९ साली रस्त्याचा वाटा एक तृतीयांश होता. येथे तो सुमारे एक चतुर्थांश पडतो, आणि तोही केवळ रस्त्याचा नव्हे. कर, उपकर आणि अधिभार हे शब्द बोलण्यात एकाच ‘टॅक्स’मध्ये विरघळतात, परंतु कायद्याने उपकर म्हणजे विशिष्ट कारणासाठी घेतलेला पैसा. कारण विसरले की उपकराचा नुसता कर होतो.

ह्या फोडीत आणखी एक गाठ आहे. राज्यांशी वाटून घ्यावयाचे ते केवळ मूळ शुल्क, म्हणजे १ रुपया ४० पैसे. बाकी सर्व केंद्राचे. त्यामुळे राज्ये स्वतःचा विक्रीकर घट्ट धरून बसतात, आणि २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा पेट्रोल त्याच्या बाहेर राहिले ते ह्याच कारणाने. महाराष्ट्राच्या करात १९२९ ची आणि १९३८ ची अशा दोन्ही जाती एकत्र नांदतात : काही भाग टक्केवारीचा, काही लिटरमागे ठराविक. मुंबई-ठाणे परिसर वगळता उर्वरित राज्यात, म्हणून सातारा-सांगलीतही, जुलै २०२२ नंतर पेट्रोलवरील कर २५ टक्के अधिक ५ रुपये १२ पैसे असा होता. ठराविक भागाचा इतिहास उद्‌बोधक आहे. १ ऑक्टोबर २०१५ रोजी दुष्काळ निवारणासाठी लिटरमागे २ रुपये बसले. दुष्काळ सरला, ठराविक भाग मात्र वाढत जाऊन जून २०२० मध्ये १० रुपये १२ पैसे झाला. माण, आटपाडी, जत हे पिढ्यान्‌पिढ्यांचे दुष्काळी तालुके. तेथील शेतकरी छावणीवर वैरण नेण्यासाठी जे पेट्रोल जाळतो त्यावरही दुष्काळाचा हा अधिभार भरतो, हे करशास्त्राचे एक चमत्कारिक उदाहरण म्हणून वर्गात सांगण्याजोगे आहे.

रस्त्याचा पैसा पेट्रोलमधून दिल्यावर पुन्हा रस्त्यावर द्यावा लागतो. पुणे-कोल्हापूर महामार्गावर एकट्या सातारा जिल्ह्यात आनेवाडी आणि तासवडे असे दोन नाके आहेत. मोटारचालकाचा संताप ह्या ठिकाणी समजण्यासारखा आहे; दुचाकीला मात्र महामार्गावर टोल नाही, त्यामुळे दुहेरी आकारणीची तक्रार करणारा आणि पेट्रोलचा मोठा हिस्सा विकत घेणारा हे दोन निरनिराळे वर्ग आहेत. सार्वजनिक चर्चेत पहिल्याचा आवाज मोठा असतो.

दुसऱ्याची अवस्था किती नाजूक आहे हे एस. टी. कर्मचाऱ्यांच्या दीर्घ संपाच्या वेळी दिसून आले. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला हा संप उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर एप्रिल २०२२ मध्ये मिटला. ह्या सहा महिन्यांच्या दोन्ही टोकांना पेट्रोल भडकलेले होते. ६ एप्रिल २०२२ रोजी मुंबईत ते १२० रुपये ५१ पैसे लिटर झाले. खोऱ्यातल्या गावाला कऱ्हाडच्या महाविद्यालयाशी किंवा मिरजेच्या रुग्णालयाशी जोडणारी गाडी बंद, आणि पर्यायी वाहनाचे इंधन इतिहासातील सर्वाधिक दराचे. करनीतीने गृहीत धरलेली विभागणी, सामान्याला एस. टी. व धनिकाला पेट्रोल, त्या काळात पुरती उलटी झाली होती. सामान्याला पेट्रोलच उरले होते.

ह्याच काळात मिरज तालुक्याच्या दक्षिण टोकाला आणखी एक विषमता उभी राहिली. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राच्या पाठोपाठ कर्नाटकाने आपला कर लिटरमागे ७ रुपयांनी उतरविला. महाराष्ट्राने आपला ५ रुपयांनी उतरविला तो जुलै २०२२ मध्ये. मधल्या आठ महिन्यांत मुंबई आणि बंगळूर यांच्या दरांत नऊ रुपयांहून अधिक अंतर राहिले. म्हैसाळच्या मनुष्याला शेजारचे कागवाड हे परराज्य. दहा लिटरची टाकी तेथे भरली तर नव्वदएक रुपये वाचणार. इस्लामपूरच्या किंवा शिराळ्याच्या मनुष्याला ही सोय नाही; तेथवर जाण्यातच वाचलेले जळून जाईल. एकाच जिल्ह्यातील दोन नागरिक एकाच वस्तूवर दोन निरनिराळे कर देत होते, आणि त्यांतील निवड त्यांच्या घराच्या जागेने केली होती. जून २०२४ मध्ये कर्नाटकाने आपला विक्रीकर २५.९२ टक्क्यांवरून २९.८४ टक्के केला तेव्हा हे अंतर आक्रसले. ते महाराष्ट्राच्या औदार्याने आक्रसले नव्हते.

अखेरीस इथेनॉलचा विचार आवश्यक आहे, कारण ह्या परिसरात तो प्रश्न जसा उभा राहतो तसा इतरत्र क्वचितच राहतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे देशातील पहिले प्रायोगिक प्रकल्प २००१ साली तीन ठिकाणी सुरू झाले. महाराष्ट्रातील दोहोंपैकी एक मनमाडला आणि दुसरा मिरजेस होता. मिरजेच्या सभोवार कृष्णा-वारणाकाठचा ऊस आणि सहकारी कारखाने, तेव्हा निवड स्वाभाविक होती. पाच टक्क्यांपासून निघालेले मिश्रण २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर पोचले. इथेनॉलच्या एका लिटरमधील उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश असते. म्हणून नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाने जुन्या बांधणीच्या चारचाकी वाहनांचे प्रतिलिटर अंतर सहा-सात टक्क्यांनी आणि दुचाकींचे तीन-चार टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला, आणि अशा इंधनाचा किरकोळ दर साध्या पेट्रोलपेक्षा कमी असावा असेही सुचविले. दर कमी झाला नाही. सरकारचे २०२५ मधील स्पष्टीकरण असे की, इथेनॉलची सरासरी खरेदी किंमत, वाहतूक व करासह, लिटरला ७१ रुपये ३२ पैसे पडते आणि ती शुद्ध केलेल्या पेट्रोलपेक्षा अधिक आहे. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, आणि येथेच न्यायाचा प्रश्न अवघड होतो.

कारण वाळवे तालुक्यातील मनुष्य ह्या व्यवहारात दोन्ही बाजूंना उभा आहे. उसाच्या रसापासून केलेल्या इथेनॉलला ६५ रुपये ६१ पैसे मिळतात तेव्हा कारखान्याची स्थिती सुधारते आणि उसाचे बिल वेळेवर निघण्याची आशा वाढते. पंपावर तोच मनुष्य गाडीत भरलेल्या लिटरमागे थोडे कमी अंतर जातो. त्याच घरातील ऊस नसलेला भाऊ, तोडणीस आलेला मजूर, किंवा माणदेशातील कोरडवाहू शेतकरी फक्त दुसऱ्या बाजूला उभा आहे. त्यांच्याकडून ऊसवाल्याकडे जाणारा हा वाटा कोणत्याही कायद्यात कर म्हणून लिहिलेला नाही. तो लिटरच्या मापातच लपलेला आहे. आणि ज्याला तो मिळतो त्यालाही त्याची शाश्वती नाही. ७ डिसेंबर २०२३ रोजी साखरेची टंचाई भासेल ह्या भीतीने केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास एकाएकी मनाई केली, तेव्हा कर्ज काढून आसवन्या वाढविलेल्या कारखान्यांचा गळीत हंगाम नुकताच सुरू झाला होता. पंपावरील दर त्या दिवशी बदलला नाही.